परमुलखाची चाकरी : काउंट डी बॉइन, शिंद्यांचे कंपू आणि आसई

केदारखेड्याजवळून वाहणाऱ्या पूर्णेला पुढे जाफराबादपाशी केळना येऊन मिळते, आणि त्या केळनेच्या व जुईच्या बेचक्यात आसई हे गाव आहे, जेथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांचा जनरल आर्थर वेलस्लीने पराभव केला. या लढाईची मांडणी बहुधा मराठे विरुद्ध इंग्रज अशी सरळ केली जाते, आणि त्यामुळे एक गोष्ट बाजूला राहून जाते. त्या दिवशी शिंद्यांच्या पायदळाची आणि तोफांची सूत्रे ज्याच्या हाती होती तो अँथनी पोलमन जर्मनीतील हॅनोव्हरचा रहिवासी होता. त्याच्या हाताखालच्या पलटणी आल्प्सच्या पायथ्याशी जन्मलेल्या एका माणसाने घडवलेल्या फौजेपैकी होत्या. शेजारी उभ्या असलेल्या पलटणींपैकी काही नेपल्सहून आलेल्या फिलोज घराण्याच्या, तर काही सरधन्याच्या बेगम समरूच्या होत्या. आल्प्सच्या पायथ्याचा तो माणूस म्हणजे बेन्वा डी बॉइन. त्याचे चरित्र हा या व्याख्यानाचा विषय आहे. परंतु ते चरित्र केवळ साहसकथा म्हणून न पाहता, परक्या मुलखातून आलेला सेनानी एखाद्या राज्याला कितपत बांधला जातो आणि कशामुळे बांधला जातो, या प्रश्नाच्या अनुषंगाने पाहिले असता त्यातून आसईच्या पराभवाचाही काही उलगडा होतो.

परदेशी सरदाराने दुसऱ्या राजाची चाकरी पत्करणे ही अठराव्या शतकात मुळीच लाजिरवाणी गोष्ट नव्हती. फ्रान्सच्या राजाच्या सैन्यात आयरिश आणि स्विस पलटणी होत्या, रशियाच्या आरमारात स्कॉटिश अधिकारी होते, आणि प्रशियाच्या सैन्यात तर फ्रेंच नावे धारण करणाऱ्या अधिकाऱ्यांचा एक मोठा वर्गच होता. हे फ्रेंच म्हणजे ह्युगेनो, अर्थात फ्रान्समधील कॅल्व्हिनपंथी प्रॉटेस्टंट. १५९८ च्या नाँतच्या फर्मानाने त्यांना मिळालेली धर्मपालनाची मोकळीक चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली, तेव्हा ब्रांडेनबुर्ग-प्रशियाचा अधिपती फ्रीडरिश विल्हेल्म याने त्याच वर्षी पॉट्सडॅमचे फर्मान काढून त्यांना आपल्या राज्यात बोलावले, आणि सुमारे वीस हजार माणसे तेथे जाऊन स्थायिक झाली. या फर्मानाची खरी करामत आश्रय देण्यात नव्हती, कारण आश्रय पुष्कळांनी दिला. ती आश्रय देण्याच्या पद्धतीत होती. आलेल्यांना पडीक घरे व जमिनी मिळाल्या, काही वर्षांची करमाफी मिळाली, स्वतःची चर्चे, स्वतःच्या शाळा आणि स्वतःची न्यायालयेही मिळाली, आणि ज्यांच्याजवळ सरदारकीचा शिक्का होता त्यांना स्थानिक सरदारांच्या बरोबरीने सैन्यात व दरबारात जागा मिळाली.

या वर्गाचा नमुना म्हणून हाइनरिश आउगुस्ट द ला मोत फुके याच्याकडे पाहता येते. परागंदा झालेल्या ह्युगेनो सरदार घराण्यात १६९८ मध्ये हेग येथे जन्मलेला हा मुलगा आनहाल्ट-डेसाऊच्या लेओपोल्ड राजपुत्राच्या पदरी पेज म्हणून, म्हणजे सरदारकीचे शिक्षण घेणारा दरबारी पोऱ्या म्हणून लागला, पुढे प्रशियाचा अधिकारी झाला, आणि बापाच्या रोषाला बळी पडलेल्या युवराज फ्रीडरिशचा जवळचा मित्र ठरला. मध्यंतरी लेओपोल्डशी बिनसल्यामुळे त्याने डेन्मार्कची चाकरी धरली, पण १७४० मध्ये मित्र गादीवर बसताच तो परतला, ग्लाट्झच्या किल्ल्याचा अधिकारी झाला, जनरल झाला. २३ जून १७६० रोजी लांडेसहूट येथे ऑस्ट्रियाच्या कितीतरी मोठ्या फौजेपुढे राजाच्या हुकमासाठी जागा धरून बसला आणि जखमी होऊन कैद झाला. सुटका झाल्यावर फ्रान्सला किंवा हॉलंडला जाण्याचा विचारही त्याच्या मनात येण्याचे कारण नव्हते. तो ब्रांडेनबुर्ग शहरात राहिला, राजाशी पत्रव्यवहार करीत राहिला आणि १७७४ मध्ये तेथेच वारला. त्याचा नातू फ्रीडरिश द ला मोत फुके हा पुढे जर्मन भाषेतला नामांकित लेखक झाला. फ्रेंच आडनाव तेवढे उरले होते, बाकी सारे जर्मन झाले होते.

मराठी मुलखातही परदेशी युद्धविद्येचा प्रवेश डी बॉइनच्या आधीच झाला होता, आणि तोही याच मराठवाड्यातून. १७५१ मध्ये मार्की द ब्युसी हा फ्रेंच सेनानी सलाबतजंग निजामाला घेऊन औरंगाबादला आला आणि पुढची सात वर्षे त्याच्या कवायती पलटणींनी दख्खनचे राजकारण हलवले. कवायती पलटण म्हणजे एका हुकमावर एकाच वेळी चाल करणारे, एकाच वेळी बंदुका झाडणारे आणि एकसारख्या पगारावर बारमाही नोकरीत असणारे पायदळ. हंगामी शिलेदारीवर वाढलेल्या मराठी फौजेला ही गोष्ट नवी होती. ब्युसीच्या तालमीत तयार झालेला इब्राहिमखान गारदी पुढे पेशव्यांकडे आला, उदगीरला लढला आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर आपल्या पलटणींसह शेवटपर्यंत उभा राहून कैद झाला व मारला गेला. परक्या विद्येचा वाहक असलेला, पण या मातीतला असलेला हा सेनानी येथे मुद्दाम नोंदवून ठेवण्याजोगा आहे, कारण पुढे शिंद्यांनी विद्या आणि माणूस दोन्ही परमुलखातून घेतले. पानिपतातून पायाला जखम घेऊन वाचलेल्या महादजी शिंद्यांनी गारद्यांचे लढणे डोळ्यांनी पाहिले होते, आणि १७८० मध्ये इंग्रज कॅप्टन पॉपहॅमने रात्रीतून शिड्या लावून ग्वाल्हेरचा किल्ला घेतल्यावर त्यांची खात्री पटली असावी की उत्तरेत टिकायचे तर नुसत्या घोड्यांवर भागणार नाही.

बेन्वा लबोर्न्य, म्हणजेच पुढचा डी बॉइन, मार्च १७५१ मध्ये सॅव्हॉय प्रांतातील शाँबेरी या गावी जन्मला. हा प्रांत तेव्हा फ्रान्समध्ये नसून सार्डिनियाच्या राजाच्या अमलाखाली होता, आणि त्याचे वडील केसाळ कातड्यांचा व्यापार करीत. सरदारकीचा शिक्का मुळात त्याच्याजवळ नव्हता, तो त्याला नंतर मिळवावा लागला. फ्रान्सच्या चाकरीतील आयरिश पलटणीत त्याने काही वर्षे काढली आणि त्या निमित्ताने मॉरिशसपर्यंत जाऊन आला. बढतीची आशा दिसेना, तेव्हा तुर्कांविरुद्ध लढणाऱ्या रशियाच्या ग्रीक पलटणीत शिरला. टेनेडॉस बेटावर तुर्कांच्या हाती सापडून कैदेत पडला. सुटल्यावर पूर्वेकडे वळला आणि १७७८ मध्ये मद्रासला पोहोचून इंग्रज कंपनीच्या देशी पायदळात कनिष्ठ अधिकारी झाला. १७८० मध्ये पोलिलूर येथे हैदर-टिपूच्या फौजेने कर्नल बेलीच्या तुकडीचा जो धुव्वा उडवला, त्यात त्याची पलटणही होती, पण स्वतः तो दुसऱ्या कामावर गेलेला असल्यामुळे वाचला. तिशीपर्यंतचा हा सारा प्रवास म्हणजे बढतीच्या शोधातली भटकंती आहे, आणि तिच्यात कोणत्याही ध्वजाविषयी विशेष ममत्व दिसत नाही.

कंपनीची नोकरी सोडून तो कलकत्त्याला गेला आणि वॉरन हेस्टिंग्जची शिफारसपत्रे घेऊन लखनौमार्गे उत्तरेत आला. लखनौत त्याची क्लोद मार्तँ या फ्रेंच गृहस्थाशी जन्मभराची मैत्री जुळली आणि दरबारी रीतीभातीही तो तेथेच शिकला. ग्वाल्हेरच्या वेढ्याच्या सुमारास शिंद्यांच्या माणसांनी त्याचे सामान लुटले. सामान परत मिळाले, मात्र शिफारसपत्रे मिळाली नाहीत, आणि हा माणूस कोण व कशासाठी हिंडतो आहे याचा अंदाज महादजींना त्यातून आला. चिडलेल्या डी बॉइनने गोहदच्या राण्याकडे बेत मांडला की पैसे दिल्यास आपण पलटणी उभारून शिंद्यांचा वेढा उठवतो. राण्याने पैसे तर दिले नाहीतच, उलट महादजींना दबकावण्यासाठी तो बेत स्वतःच फोडला. दुसरा एखादा सरदार असता तर अशा माणसाचा काटा काढण्याच्या मागे लागला असता. महादजींनी १७८४ मध्ये त्याला नोकरीवर ठेवले. ज्याने आपल्याविरुद्ध इतका नेमका बेत रचला त्याला आपला बेत रचायला लावावा, हा विचार करणाऱ्याची पारख त्या काळच्या हिंदुस्थानात दुर्मीळ होती.

ठरलेला करार साधा होता : प्रत्येकी सुमारे ८५० शिपायांच्या दोन पलटणी उभारायच्या, शिपायामागे दरमहा आठ रुपये आणि स्वतः डी बॉइनला दरमहा एक हजार रुपये मिळायचे, आणि त्यातूनच हत्यारे, अधिकारी व कवायत यांची तजवीज त्याने करायची. तोफा ओतण्याचे काम सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराकडे दिले गेले. अट त्याचीही एक होती, ती अशी की इंग्रज कंपनीविरुद्ध शस्त्र धरण्याची पाळी आपल्यावर आणू नये. ही अट महादजींनी मान्य केली, कारण सालबाईच्या तहानंतर त्यांनाही तेव्हा इंग्रजांशी लढायचे नव्हते. पण राज्याच्या सर्वांत सामर्थ्यवान शत्रूला आधीच वगळून केलेली ही चाकरी होती, हे विसरून चालणार नाही. पलटणींच्या निशाणावर सॅव्हॉयचा पांढरा क्रूस होता. शिंद्यांच्या भगव्या झेंड्याखाली चालणाऱ्या पुरभय्या शिपायांच्या डोक्यावर शाँबेरीचे चिन्ह फडकावे, यात त्या काळी कोणालाच काही विचित्र वाटले नाही.

२८ जुलै १७८७ रोजी लालसोटजवळ जयपूर-जोधपूरकरांशी गाठ पडली तेव्हा महादजींच्या पदरच्या मोगल पलटणी फितून शत्रूला मिळाल्या आणि त्यांना माघार घ्यावी लागली; त्या माघारीत ज्या थोड्या तुकड्या रांग न मोडता मागे आल्या त्यांत डी बॉइनच्या पलटणी होत्या. पुढल्या वर्षी आग्र्याजवळ इस्माइल बेगाविरुद्धच्या लढाईतही त्यांनी आपले मोल दाखवले. तरीही पलटणी वाढवण्याची त्याची मागणी महादजींनी लगेच मान्य केली नाही, तेव्हा तो राजीनामा देऊन लखनौला निघून गेला आणि तेथे कापड व नीळ यांच्या व्यापारात पडला. १७९० मध्ये महादजींनी त्याला परत बोलावले ते दहा पलटणींचा संपूर्ण कंपू उभारण्यासाठी. कंपू म्हणजे पायदळ, त्याच्या जोडीचा तोफखाना, थोडे घोडदळ आणि रसद असे सगळे एकत्र असलेले, स्वतंत्रपणे मोहीम चालवू शकणारे पथक. त्याच वर्षी २० जूनला पाटणला आणि १० सप्टेंबरला मेडत्याला या कंपूने जी कामगिरी केली तिने राजपुतान्याचे राजकारण पालटून टाकले. मेडत्याला रोहाँ नावाच्या त्याच्या एका अधिकाऱ्याने हुकमाची वाट न पाहता पुढे घुसून पलटणी अडचणीत आणल्या, आणि राठोडांचे केशरी घोडदळ त्या फटीतून तुटून पडले. डी बॉइनने तेवढ्यात पलटणींचे पोकळ चौकोन बांधले, म्हणजे चारी बाजूंना बाहेर तोंड करून संगिनी रोखलेल्या शिपायांच्या भिंती उभ्या केल्या, आणि राठोड त्या भिंतींवर येऊन येऊन कोसळले. शौर्याने ते काकणभर सरसच होते. पण चौकोनाला शौर्याची गरज कमी लागते, सवयीची जास्त लागते.

ही सवय निर्माण करणारी खरी शक्ती कवायतीत नसून पगारात होती, आणि डी बॉइनचे मोठेपण बहुतेक चरित्रकार रणांगणावर शोधतात तरी ते खरे म्हणजे अलीगड-कोळच्या कचेरीत शोधायला हवे. मराठी फौजेचा जुना रोग म्हणजे थकलेला रोजमुरा. पगार थकला की सरदाराच्या दारात धरणे बसत आणि लढाईच्या तोंडावर पथके अडून राहत. डी बॉइनने हा रोग ओळखून कंपूच्या खर्चासाठी जायदाद मागून घेतली. जायदाद म्हणजे फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूख, ज्याचा वसूल थेट सेनापतीने करून त्यातून पगार भागवायचा. सरंजामाहून ती वेगळी, कारण सरंजाम घराण्याकडे वंशपरंपरा चालत जाई आणि जायदाद मात्र फौज आहे तोपर्यंत व ती सांभाळणारा माणूस आहे तोपर्यंतच असे. दुआबातील हा मुलूख सुपीक होता, वसुली शिस्तीने होऊ लागली, आणि शिपायाच्या हाती ठरल्या दिवशी पगार पडू लागला. जखमी शिपायाला उपचारकाळात पगार, अपंग झालेल्याला जमीन, अशीही व्यवस्था त्याने लावली. १७९१ मध्ये दुसरा कंपू झाला, १७९३ मध्ये तिसरा, आणि त्याच वर्षी लाखेरीच्या खिंडीत होळकरांच्या नव्या कवायती पलटणींचा त्याने चक्काचूर केला. त्या पलटणी ब्रेस्टच्या एका फ्रेंच सरदाराने, शव्हालिए द्युद्रनेक याने उभारल्या होत्या. म्हणजे मराठ्यांच्या घरातल्या भांडणात दोन्ही बाजूंना फिरंगी कवायत एकमेकींवर चालून गेली.

दरबारी म्हणून डी बॉइनचे स्थान विलक्षण अवघड होते, आणि त्याने ते सांभाळले याचे श्रेय त्याच्याइतकेच महादजींना आहे. गोपाळराव भाऊ, लखबा दादा लाड, जिवबा दादा बक्षी असे मातबर मराठी सरदार व कारभारी महादजींच्या पदरी होते, आणि महादजींनी फिरंग्याला त्यांच्यावर कधी बसवले नाही. लाखेरीला गोपाळराव आणि लखबा डी बॉइनच्या जोडीने लढले. परदेशी सेनानी हा उजवा हात असावा, पण खांदा आपलाच असावा, असा तो तोल होता. तो तोल कोणत्याही कागदात लिहिलेला नव्हता, आणि म्हणून १२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडीला महादजी वारले तेव्हा तोही त्यांच्याबरोबर गेला.

डी बॉइनने पुढे फार काळ काढला नाही. प्रकृतीचे कारण खरे होते, पण महादजींमागून गादीवर आलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या दौलतरावाच्या दरबारात आपल्याला पूर्वीची जागा राहणार नाही हेही त्याला दिसत असावे. १७९५ च्या अखेरीस त्याने निरोप घेतला आणि पुढे कलकत्त्याहून डॅनिश जहाजाने युरोपची वाट धरली. जाताना दौलतरावाला त्याने दिलेला सल्ला प्रसिद्ध आहे : इंग्रजांशी लढण्याचा प्रसंग येऊ देऊ नये, तशी वेळच आली तर पलटणी मोडून टाकाव्यात पण युद्ध करू नये. ज्याने फौज घडवली त्यानेच ती मोडण्याचा सल्ला द्यावा, याचा अर्थ अनेकांनी विश्वासघात असा लावला आहे. तो तितका बरोबर वाटत नाही, कारण या फौजेला एक गोष्ट जमणार नाही हे तिच्या निर्मात्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते : तिचे अधिकारी ज्यांच्याशी लढणार त्यांच्याच पेढ्यांत त्या अधिकाऱ्यांची पुंजी ठेवलेली होती. खुद्द डी बॉइनने आपली मोठी संपत्ती इंग्रजांच्या मार्फतच युरोपात नेली होती.

त्याच्या उत्तरायुष्याची हकीगत थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हिंदुस्थानात त्याने नूर बेगम या इराणी वंशाच्या स्त्रीशी संसार केला होता, तिला व दोन मुलांना तो इंग्लंडला घेऊन गेला. पण १७९८ मध्ये लंडनमध्ये त्याने आदेल दोस्माँ या फ्रेंच सरदारकन्येशी लग्न केले, आणि नूर बेगम हेलेना बेनेट या नावाने ससेक्समधील हॉर्शम येथे एकाकी राहून १८५३ मध्ये वारली. नवे लग्नही टिकले नाही. त्या बाईने पुढे लिहिलेल्या आठवणी फ्रेंच साहित्यात गाजल्या आणि त्यांत नवऱ्याविषयी चांगले फारसे काही नाही. १८०२ मध्ये तो शाँबेरीला परतला, सार्डिनियाच्या राजाने त्याला १८१६ मध्ये काउंट केले, आणि त्याने गावासाठी रुग्णालये, आश्रम व नाट्यगृह यांना सढळ हाताने पैसा दिला. राजपुतान्याचा इतिहासकार जेम्स टॉड त्याला तेथे भेटला होता. २१ जून १८३० रोजी तो वारला आणि आठ वर्षांनी शाँबेरीत त्याच्या स्मरणार्थ कारंजे उभे राहिले, ज्याच्या स्तंभातून चार हत्तींचे पुढचे अर्धे भागच बाहेर आलेले आहेत. मागचे भाग नसलेल्या या हत्तींची गावकरी आजही थट्टा करतात. हिंदुस्थानातून आलेल्या पैशाचे इतके ठसठशीत स्मारक युरोपातील एखाद्या लहान गावात क्वचितच असेल. शिंद्यांच्या मुलखात मात्र त्याच्या वंशाचे कोणी उरले नाही.

त्याच्या जागी आलेला पेराँ हा कापडव्यापाऱ्याचा मुलगा, फ्रेंच आरमारातून आलेला, शूर पण संशयी आणि लोभी होता. दौलतरावाच्या घरात महादजींच्या विधवांचे बंड, सर्जेराव घाटग्यांचे कारस्थान आणि जुन्या सरदारांची फारकत अशी दुफळी माजलेली असताना पेराँने लखबा दादासारख्या जुन्या सेनापतीवरच कंपू चालवले, आणि १८०१ पर्यंत तो दुआबाचा जवळजवळ स्वतंत्र धनी झाला. महादजींच्या वेळचा तोल येथे पुरता उलटला : खांदाच हाताच्या धाकात वागू लागला. आणि इंग्रजांनी १८०३ च्या ऑगस्टमध्ये जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतील जे युरोपीय अधिकारी निघून येतील त्यांच्या निर्वाहाची तजवीज कंपनी करील, तेव्हा या डोलाऱ्याची वीण सुटायला महिनाही लागला नाही. इंग्रज अधिकारी तत्काळ गेले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला तो शिंद्यांची चाकरी नुकतीच सोडून गेलेल्या ल्यूकन नावाच्या अधिकाऱ्याने वाट दाखवल्यामुळे. तीन दिवसांत पेराँ इंग्रज जनरल लेकच्या स्वाधीन झाला आणि पुढे पैशांसह फ्रान्सला गेला.

दख्खनमध्ये याच सप्टेंबर महिन्यात काय घडले ते या परिसराला जवळचे आहे. अहमदनगरचा किल्ला १२ ऑगस्टला घेऊन वेलस्ली पुढे आला होता, कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला होता. २१ सप्टेंबरला दोघे बदनापूरला भेटले आणि डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी भोकरदनकडे जाऊन २४ तारखेला एकदम हल्ला करण्याचे ठरले. २३ तारखेला वेलस्लीला कळले की शत्रूची छावणी अंदाजापेक्षा बरीच जवळ आहे, आणि स्टीव्हन्सनची वाट न पाहता त्याने लढाई घेण्याचे ठरवले. छावणी केळनेच्या काठाने भोकरदनच्या बाजूपासून आसईपर्यंत पसरली होती, घोडदळ उजवीकडे आणि पोलमनचे पायदळ डावीकडे. वेलस्लीने समोरून येण्याऐवजी पूर्वेला वळून, दोन काठांवर समोरासमोर वसलेल्या गावांमध्ये उतार असलाच पाहिजे या तर्काने नदी ओलांडली आणि शिंद्यांच्या डाव्या बगलेवर आला.

बगलेवर आलेल्या शत्रूसमोर पायदळ गोंधळून जाईल, अशी त्याची अपेक्षा होती. तसे झाले नाही. पोलमनने भर लढाईत सारी रांग काटकोनात फिरवून उजवी बाजू केळनेला आणि डावी आसई गावाला टेकवली, आणि शंभराच्या आसपास तोफा नव्या तोंडाने उभ्या केल्या; ही हालचाल इतकी शिस्तीत झाली की वेलस्लीने तिची अपेक्षाच केली नव्हती. आसईच्या भिंतींकडे भरकटलेल्या ७४ व्या पलटणीची वाताहत झाली. तोफांवरून एकदा पुढे गेलेल्या इंग्रज शिपायांच्या मागे मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले आणि त्याच तोफा पाठीमागून डागू लागले. वेलस्लीजवळ लढाऊ माणसे साडेचार हजारांच्या आसपास होती, आणि मृत, जखमी व बेपत्ता मिळून त्याच्या फौजेच्या १,५८४ माणसांची हानी झाली. नंतरच्या आयुष्यात वॉटर्लूचा विजेता म्हणून गाजलेल्या या सेनापतीने आपली सर्वोत्तम लढाई कोणती असे विचारले असता आसईचे नाव घेतले, यातच विरुद्ध बाजूच्या पायदळाचे प्रमाणपत्र आहे. उणीव पलटणींमध्ये नव्हती. दौलतराव व रघूजी घोडदळासह निघून गेले, आणि गोलंदाज तोफांपाशी मेले.

पोलमनची स्थिती विचार करायला लावणारी आहे. हॅनोव्हरचा अधिपती तेव्हा इंग्लंडचाच राजा तिसरा जॉर्ज होता. म्हणजे आसईच्या शेतात एक हॅनोव्हरकर आपल्याच राजाच्या फौजेवर तोफा डागत होता, आणि त्याच उन्हाळ्यात नेपोलियनच्या सैन्याने खुद्द हॅनोव्हर व्यापून टाकले होते. फुकेला परतण्यासाठी देश उरला नव्हता म्हणून प्रशिया त्याचा देश झाला. डी बॉइनला, पेराँला परतीची वाट सदैव मोकळी होती आणि शिंद्यांच्या राज्याने ती बंद करणारी कोणतीही गोष्ट, म्हणजे वंशपरंपरेची जमीन, स्वतंत्र न्याय, मराठी घराण्यांशी सोयरीक किंवा दरबारातली कायमची पायरी, त्यांच्यापुढे कधी ठेवलीच नाही. परक्याला जात आडवी येत होती हे खरे आहे, आणि मराठी समाजाला ह्युगेनोंसारखा एखादा फिरंगी समूह पोटात घेता आला असता का, याविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे. पण जायदादीऐवजी सरंजाम देण्याच्या आड जात येत नव्हती, आणि तेही झाले नाही. दरबाराने माणूस विकत घेतला होता. विकत घेतलेल्याला दुसरे गिऱ्हाईक मिळू शकते.

याउलट शिपायांचे काय झाले हे १ नोव्हेंबर १८०३ रोजी अलवर भागातील लासवारीला दिसले. तेथे लेकसमोर उभ्या असलेल्या शिंद्यांच्या पलटणींचे युरोपीय अधिकारी बहुतेक निघून गेले होते, द्युद्रनेकदेखील आधीच इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता; तरी त्या पलटणी तोफा जाईपर्यंत आणि बहुतांशी माणसे पडेपर्यंत हटल्या नाहीत, आणि लेकने कबूल केले की त्यांना फ्रेंच अधिकारी असते तर निकालाचा भरवसा देता आला नसता. शिपाई पुरभय्ये, रोहिले, राजपूत होते. त्यांच्यातल्याच कोणाला कंपूचा अधिकार देण्याची कल्पना डी बॉइनच्या व्यवस्थेत शिरली नाही, आणि त्याच्या पश्चात ती शिरवण्याइतका दूरदर्शी धनी शिंद्यांना लाभला नाही. इब्राहिमखान गारद्याचे उदाहरण अवघ्या चाळीस वर्षांपूर्वीचे होते.

३० डिसेंबर १८०३ च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही युरोपीय राष्ट्राचा माणूस शिंद्यांनी चाकरीत ठेवू नये, असे कलम घालण्यात आले, आणि कंपूंचे युग कागदावरही संपले. तरीही एक घराणे राहिले. आसईला ज्यांच्या नावाच्या पलटणी लढल्या त्या फिलोजांपैकी जाँ बातीस्त फिलोज हा मिश्र रक्ताचा, येथेच जन्मलेला सेनानी पुढे कित्येक वर्षे ग्वाल्हेरच्या फौजेत होता, आणि त्याचे वंशज दरबारात टिकले. जयाजीराव शिंद्यांनी १८७४ मध्ये ग्वाल्हेरला बांधलेला जयविलास राजवाडा याच घराण्यातील मायकेल फिलोजच्या आराखड्यावरून उभा राहिला.